आकाशात अग्निगोल दिसला? कोल्हापुरातून त्याची नोंद अशी द्या

रात्री गच्चीवर शतपावली करताना, रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसलेलं असताना किंवा भुईबावडा घाट चढून घरी येताना अचानक सगळा परिसर हिरवट-निळा उजळतो, झाडांच्या सावल्या सरकतात आणि तोंडातून ‘आयला!’ बाहेर पडेपर्यंत सगळं आटोपलेलं असतं. त्यानंतर बहुतेक जण मोबाईल काढून ग्रुपवर ‘कुणाला दिसलं का रे?’ असं टाकतात. चर्चा रंगते, कुणीतरी ‘शिरोलीजवळ पडलंय म्हणे’ असं ठोकून देतं, आणि सांगण्यासारखं जे होतं ते त्या गोंधळात वाहून जातं.

शुक्रापेक्षा तेजस्वी दिसणाऱ्या उल्केला अग्निगोल म्हणतात. शुक्राची प्रत (म्हणजे तेजाचं माप; आकडा जितका उणे, तितकं तेज जास्त) साधारण उणे ४, पौर्णिमेच्या चंद्राची उणे १२.७; या दोहोंच्या मधले अग्निगोल अधूनमधून दिसतात, चंद्राला मागे टाकणारे फार क्वचित. मी काही वर्षं अशा नोंदी स्वतः देतोय आणि इतरांकडून भरूनही घेतोय. माझं मत स्पष्ट आहे: ‘काय भारी दिसलं’ याचा उपयोग फारसा नाही. तुम्ही कुठे उभे होता, ते कुठून निघालं आणि कुठे विझलं, या तीन गोष्टी नीट सांगितल्यात तर दहावी नापास माणसाची नोंदसुद्धा सोन्याची ठरते.

हाताशी काय लागतं

मोबाईल, त्यातलं होकायंत्र आणि नकाशा, कागद-पेन, जमलं तर खडू. नोंदीचा फॉर्म (कुठला, ते आठव्या पायरीत) भरताना ईमेल लागतो. दुर्बिणीची गरज नाही.

१. जागा सोडू नका

पहिलं काम म्हणजे मोबाईलच्या लॉक स्क्रीनचा स्क्रीनशॉट घ्या. वेळ पक्की झाली. मनगटी घड्याळावर किंवा भिंतीवरच्या घड्याळावर विसंबू नका. आपल्याकडे घरातलं घड्याळ पाच मिनिटं पुढे ठेवायची पद्धतच आहे.

दुसरं, पाय हलवू नका. खडू असेल तर पावलांभोवती रेघ मारा, नसेल तर चप्पल तिथेच काढून ठेवा आणि अनवाणी खाली जा. (कोल्हापुरी असेल तर सकाळपर्यंत राहील याची खात्री मी देत नाही.) मापं उद्या दिवसाउजेडी घेतली तरी चालतात, पण ती त्याच जागेवरून घ्यायला हवीत. चार पावलं सरकलात की शेजारच्या पाण्याच्या टाकीचा कोपरा आकाशात भलतीकडेच जातो.

तिसरं, पाच मिनिटं गप्प राहून कान द्या. आवाज मिनिटाला ढोबळमानाने २० किलोमीटर जातो. अग्निगोल ६० किलोमीटरवर फुटला असेल तर ‘धडाम’ तुमच्यापर्यंत यायला तीन मिनिटं लागतील. रशियातल्या चेल्याबिन्स्कवर १५ फेब्रुवारी २०१३ रोजी सुमारे २० मीटरचा पिंड फुटला, तेव्हा लोक उजेड बघायला खिडक्यांपाशी गेले आणि दोन मिनिटांहून जास्त वेळानं आलेल्या धक्क्यानं काचा त्यांच्यावर फुटल्या. दीड हजारांच्या आसपास लोक जखमी झाले, ते मुख्यतः काचांनी. म्हणून उजेड फारच प्रचंड असेल तर खिडकीपासून लांब व्हा. काही लोकांना उजेडाबरोबरच सरसर किंवा फुसफुस ऐकू येते. तसं झालं असेल तर तेही लिहा, फॉर्ममध्ये त्याला वेगळी जागा आहे.

मागे धुरकट रेघ उरली असेल तर तिचे फोटो मिनिटाभराच्या अंतरानं काढत राहा. ८० ते १०० किलोमीटर उंचीवरचे वारे ती रेघ नागमोडी करतात. याच थरातल्या वाऱ्यांचा अभ्यास करण्यासाठी भारतीय भूचुंबकत्व संस्थेनं शिवाजी विद्यापीठाच्या आवारात एक रडार बसवलं होतं, म्हणजे हा विषय कोल्हापूरला अगदीच परका नाही.

२. कुणाशी बोलायच्या आधी लिहून काढा

चार ओळी पुरेत, पण बोलण्याआधी. भावानं ‘डावीकडून उजवीकडे गेलं’ म्हटलं की दहा मिनिटांत तुम्हालाही तसंच आठवायला लागतं. एका घरातल्या तिघांनी पाहिलं असेल तर तिघांनी वेगवेगळ्या कागदावर लिहा आणि तीन वेगळ्या नोंदी द्या. जुळल्या नाहीत तरी हरकत नाही, जुळवू मात्र नका.

३. दिशा

इथं सगळ्यात जास्त नोंदी वाया जातात, म्हणून जरा सावकाश वाचा.

‘पुण्याच्या बाजूला दिसलं’ हे वाक्य कोल्हापुरात निरुपयोगी आहे. तावडे हॉटेलपासून महामार्ग शिरोलीकडे म्हणजे ईशान्येला निघतो. प्रत्यक्षात पुणे आपल्या जवळजवळ सरळ उत्तरेला, किंचित पश्चिमेकडे आहे. बोलणाऱ्याच्या मनात रस्ता आहे की शहर, हे ऐकणाऱ्याला कळत नाही. त्यापेक्षा शहरातून बघताना हे ठोकताळे धरा: इचलकरंजी पूर्वेला, सांगली पूर्व-ईशान्येला, पन्हाळा आणि जोतिबा वायव्येला, गगनबावडा पश्चिमेला पण थोडं दक्षिणेकडे झुकून, राधानगरी नैर्ऋत्येला. देवळाच्या आसपास असाल तर प्रश्नच नाही: अंबाबाई पश्चिमाभिमुख आहे आणि महाद्वारही पश्चिमेलाच. मावळतीची किरणं किरणोत्सवात थेट गाभाऱ्यात येतात ती त्यामुळेच.

अंश होकायंत्रावरून घ्या. उत्तर ०, पूर्व ९०, दक्षिण १८०, पश्चिम २७०. दोन आकडे हवेत, एक सुरुवातीचा आणि एक विझल्याचा. सुरुवात नजरेतून सुटली असेल, आणि बहुतेकदा सुटतेच, तर ‘पहिल्यांदा इथे दिसलं’ असं प्रामाणिकपणे लिहा.

मोबाईलचं होकायंत्र लोखंडापाशी सर्रास खोटं बोलतं. बाल्कनीची ग्रिल, गच्चीवर पुढच्या मजल्यासाठी सोडून ठेवलेल्या सळ्या, बुलेट, चुंबकवालं मोबाईल कव्हर, सगळे गुन्हेगार. हवेत इंग्रजी आठचा आकडा काढत मोबाईल फिरवा, लोखंडापासून दूर जा, मग माप घ्या. तरी शंका आली तर नकाशावर सॅटेलाइट दृश्य उघडा, तुमची गच्ची शोधा आणि अग्निगोल ज्या टॉवरवरून किंवा झाडावरून गेला तो शोधून रेघ ओढा. मला ही रीत होकायंत्रापेक्षा जास्त भरवशाची वाटते.

४. उंची

उंची म्हणजे किलोमीटर नव्हेत, क्षितिजापासूनचा कोन. क्षितिज शून्य, डोक्यावर ९०. हात पूर्ण ताठ पसरून मूठ धरली की ती साधारण १० अंश झाकते, ताणलेली वीत २० अंश, करंगळी एक अंश. लहान मुलाचा हात लहान, पण पंजाही लहान, त्यामुळे हिशेब त्यालाही लागू पडतो. क्षितिजापासून मुठीवर मूठ चढवत जा आणि मोजा. अंदाजानं आकडा लिहू नका: सवय नसलेला माणूस २५ अंशावरची गोष्ट हमखास ४५ सांगतो.

यातली गोम एका उदाहरणानं कळेल. करवीर तालुक्यातल्या एका गावात पहाटे धार काढताना एका मावशींनी अग्निगोल पाहिला होता. किती अंशावर म्हणून विचारलं तर म्हणाल्या, “त्याला काय डिग्री असत्यात होय? गोठ्याच्या पत्र्याच्या टोकावरनं निघालं आणि शेवग्याच्या शेंड्याला इझलं.” याहून चांगली साक्ष मी ऐकलेली नाही. उजाडल्यावर मावशी त्याच म्हशीशेजारी त्याच जागी बसल्या, चरवी मांडीत धरली, तेव्हा कळलं की उभं राहून बघितल्यावर शेवग्याचा शेंडा जिथे दिसतो त्याहून बसल्यावर तो चांगला चार बोटं वर चढतो. मी उभ्यानं माप घेतलं असतं तर सगळंच चुकलं असतं. मग मीही तिथे बसलो, म्हशीनं शेपटीचा एक फटका दिला, आणि दोन्ही आकडे मिळाले. तेव्हा तुम्हीही घरातल्या, अंगणातल्या वस्तूंच्या खुणा धरा आणि ज्या स्थितीत होतात त्याच स्थितीत मोजा.

आता ‘शिरोलीजवळ पडलं’ याचा समाचार. उल्का पेटतात त्या ८० ते १०० किलोमीटर उंचीच्या आसपास. समजा तुम्हाला पन्हाळ्याच्या अंगाला २० अंशावर दिसली. ८० किलोमीटर उंची धरली तर ती तुमच्यापासून जमिनीवरच्या अंतरानं सुमारे २२० किलोमीटरवर असणार, म्हणजे पन्हाळ्यावर मुळीच नाही, रायगडच्या किनाऱ्यापुढे समुद्रावर. डोंगराआड गेलेली गोष्ट डोंगरामागे पडल्यासारखी वाटते, पण ती बहुधा पुढच्या जिल्ह्यावर किंवा अरबी समुद्रावर असते. म्हणूनच एकट्याच्या नोंदीवरून काही ठरत नाही. कोल्हापूर, रत्नागिरी, सांगली आणि बेळगाव अशा चार बाजूंनी दिशा-उंची मिळाली की रेघा एकमेकींना छेदतात आणि खरा मार्ग उभा राहतो.

५. वेळ आणि टिकलेला काळ

‘शनिवारी रात्री दोनला’ म्हणजे दिनदर्शिकेवर रविवार. आपला दिवस सूर्योदयाला बदलतो, फॉर्मचा मध्यरात्री. सगळ्यात हास्यास्पद चूक हीच आणि सगळ्यात जास्त होणारीही हीच. वेळ भारतीय प्रमाणवेळेत द्या आणि फॉर्ममधला टाइम झोन बघून घ्या. रूपांतर स्वतः केलंत तर जागतिक वेळ आपल्यामागे साडेपाच तास असते, त्यात तारीखही मागे जाऊ शकते.

किती सेकंद टिकलं? हात वर करून ते गेलं तसं बोट फिरवा, जोडीदाराला स्टॉपवॉच लावायला सांगा, दोन-तीनदा करा. ‘दहा-पंधरा सेकंद’ म्हणणाऱ्यांचे बहुतेक तीन-चार निघतात.

६. हा अग्निगोलच होता ना?

काळ हीच मुख्य कसोटी. उल्का सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगानं वातावरणात घुसते, त्यामुळे खेळ काही सेकंदांचाच. अर्धा मिनिट ते दोन-तीन मिनिटं, तुकड्यांचा ताफा एका ओळीत संथ सरकताना दिसला तर ते बहुधा परत कोसळणारं रॉकेट किंवा उपग्रह. २ एप्रिल २०२२ ला, पाडव्याच्या संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास महाराष्ट्रात अनेकांनी जे पाहिलं ते असंच होतं. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूचं भलंमोठं कडं पडलेलं सापडलं आणि तो चिनी रॉकेटचा टप्पा असल्याचं अभ्यासकांनी ओळखलं.

मण्यांच्या माळेसारखे एकसारखे दिवे ओळीनं गेले तर स्टारलिंकचे उपग्रह. उजळाईवाडीच्या दिशेनं एक झगझगीत दिवा बराच वेळ जागच्या जागी वाढत राहिला तर उतरणारं विमान. दिवाळीच्या आठवड्यात नारिंगी, लुकलुकत वर जाणारं काही दिसलं तर हवेत सोडलेला आकाशकंदील. रॉकेटच्या टप्प्याची नोंदही त्याच फॉर्मवर दिली तरी चालते, फक्त काळ खरा लिहा.

७. सीसीटीव्ही शोधा, आणि लवकर

पेट्रोल पंप, सोसायटी, दूध संस्था, कारखान्याचं गेट, गाडीचा डॅशकॅम. अग्निगोल थेट कॅमेऱ्यात आला नाही तरी अंगणात फिरलेली सावली सापडते आणि तीही कामाची असते. डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्रण साठवणारा डबा, जुनं चित्रण काही दिवसांत स्वतःच पुसतो, तेव्हा दुसऱ्याच दिवशी जा. मालकाला नम्रपणे सांगा, चहा प्या, घाई करू नका. ‘पोलिसांचं काही लफडं आहे का’ हा प्रश्न येणारच.

चित्रण पेन ड्राइव्हवर मूळ फाइलच्या रूपात घ्या. स्क्रीनसमोर मोबाईल धरून काढलेला व्हिडिओ शेवटचा पर्याय. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचंच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर चित्र दाबलं जातं. आणि तिथे असतानाच डीव्हीआरचं घड्याळ व तुमचा मोबाईल एका फोटोत घ्या. डीव्हीआर सात मिनिटं मागे असेल तर तो फरक नंतर कुणालाच सांगता येत नाही.

८. फॉर्म भरा

इंटरनॅशनल मिटिऑर ऑर्गनायझेशन, म्हणजे आयएमओ, ही १९८८ मध्ये स्थापन झालेली हौशी आणि व्यावसायिक निरीक्षकांची संस्था. तिच्या संकेतस्थळावर अग्निगोलाची नोंद देण्याचा फॉर्म आहे, अमेरिकन मिटिऑर सोसायटीचाही तशाच रचनेचा आहे. दोन्हींपैकी एकावरच भरा, दोन्हीकडे नको.

क्रम साधारण असा: नकाशावर तुमची जागा (‘कोल्हापूर’ नुसतं लिहू नका, पिन नेमक्या गच्चीवर टाका), तारीख-वेळ, काळ, सुरुवातीची आणि शेवटची दिशा-उंची, तेज, रंग, आवाज, तुकडे झाले का, शेवटी भपका आला का, मागे रेघ राहिली का. तेजासाठी तुलना करा: शुक्राएवढं, अर्ध्या चंद्राएवढं, पूर्ण चंद्राएवढं. रंग एकच लिहा, जो सर्वांत जास्त जाणवला तो. शेरा लिहायच्या जागी मावशींसारखं वाक्य टाका, पत्रा आणि शेवगा सकट. आठवत नसेल तो रकाना रिकामा ठेवा; अंदाजपंचे भरलेला आकडा रिकाम्या रकान्यापेक्षा वाईट.

चालत्या गाडीतून पाहिलं असेल तर गाडी बाजूला घेऊन किलोमीटरचा दगड वाचा आणि गाडीचं तोंड कुठे होतं ते लिहा. ‘समोरच्या काचेत डावीकडे’ यातून दिशा काढता येते.

९. नातेवाइकांना फोन, पण प्रश्न साधा

सावंतवाडीची आत्या, सोलापूरचा मेहुणा, पुण्यात शिकणारा मुलगा, यांच्या नोंदी तुमच्यापेक्षा मोलाच्या असू शकतात, कारण ते दुसऱ्या बाजूनं बघत असतात. विचारताना मात्र ‘हिरवं, उत्तरेला गेलेलं दिसलं का?’ असं विचारू नका. ‘काल रात्री आकाशात काही दिसलं का?’ एवढंच विचारा आणि गप्प बसा. कोकणातली माणसं तर घाटावरच्यांनी न विचारताही सगळं सांगतात.

१०. दगड सापडला तर

आधी थंड डोक्यानं बघा. अशनीवर, म्हणजे जमिनीपर्यंत पोचलेल्या उल्केच्या दगडावर, काळी, पातळ, वितळल्यासारखी साल असते, वजन आकाराच्या मानानं जास्त लागतं, आत बुडबुड्यांची भोकं नसतात. आपल्याकडे काळा बेसाल्ट आणि जांभा पायलीला पन्नास आहे. शिवाय शिरोली, गोकुळ शिरगाव आणि उद्यमनगरच्या फाउंड्र्यांमधला स्लॅग (धातू वितळवताना उरणारा मळ) भरावाच्या मुरुमाबरोबर कुठेही पोचतो. काळा, जड, चकचकीत, कधी चुंबकालाही चिकटणारा. मला दाखवायला आणलेल्या ‘अशनीं’मध्ये सर्वांत मोठा वाटा त्याचाच आहे. फोडून बघितलेल्या बाजूला भोकं दिसली की चहा पाजून परत पाठवायचं.

नुकताच पडलेला वाटत असेल तर फोडू नका, धुऊ नका, जोरदार चुंबक घासू नका. दगडातल्या चुंबकत्वाची नोंद पुसली जाते. जागेवरच, शेजारी नाणं ठेवून फोटो, खड्ड्याची खोली, नकाशावरचं ठिकाण. स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीतून उचला. शेत दुसऱ्याचं असेल तर आधी विचारा, आणि तोडणीला आलेल्या उसाच्या फडात शोधायला अजिबात घुसू नका. अशनी मिळणार नाहीच, घोणस नक्की मिळेल.

देशात अशनींचा अभ्यास आणि जतन भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण करतं. त्यांचं मध्य विभागाचं कार्यालय नागपुरात आहे. नागपूर जिल्ह्यात काटोलला २२ मे २०१२ रोजी भरदुपारी अशनी पडले होते, त्यामुळे ही गोष्ट महाराष्ट्रात होत नाही असं समजू नका. ओळख पटवायला विद्यापीठाच्या किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकांना आधी दाखवलं तर पुढचा पत्रव्यवहार सोपा जातो. तलाठी किंवा पोलीस पाटलांच्या कानावर घाला, म्हणजे मालकीवरून भांडणं होत नाहीत.

धातूचा गोळा, कडं किंवा टाकी सापडली तर मात्र हात लावू नका, जवळ मुलं येऊ देऊ नका. रॉकेटच्या टाक्यांत विषारी इंधनाचा अंश असू शकतो. ११२ किंवा जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ फिरवा.

११. नोंद दिल्यावर

नोंदीचा क्रमांक येतो, तो जपून ठेवा. नंतर चित्रण मिळालं तर त्या क्रमांकाचा उल्लेख करून पाठवता येतं. इतरांच्या नोंदी जमल्या की त्या एका घटनेत बांधल्या जातात आणि नकाशावर सगळ्यांच्या रेघा दिसतात. कुणाचीच जोड मिळाली नाही तर नोंद एकटी पडून राहते. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हे नेहमीचंच, कारण ऑगस्टच्या १२-१३ तारखेचा ययातीचा वर्षाव ढगांवर बरसून जातो. ऑक्टोबर अखेर ते नोव्हेंबरमधला वृषभेचा वर्षाव संथ, पण अग्निगोलांसाठी नावाजलेला. १३-१४ डिसेंबरचा मिथुनेचा सगळ्यात भरगच्च. त्या रात्री जागायचं असेल तर शहराच्या उजेडातून बाहेर राधानगरीच्या बाजूला निघा, आणि निघताना खिशात खडू टाका.